हिरवळीचे सरदार

समजा, उद्या सरकारने असा हुकूम काढला की सुतार, लोहार, मजूर, गडीमाणसे, खलाशी, कोळी आणि नावाडी यांनी वर्षभरात गोट्या, पत्ते किंवा सोंगट्या खेळू नयेत. खेळायचेच असेल तर दिवाळीच्या चार दिवसांत खेळावे, आणि तेही मालकाच्या वाड्यात, मालकाच्या डोळ्यांदेखत. उघड्या मैदानात कोणी गोटी मारताना सापडला तर जागच्या जागी दंड! वाचकहो, तुम्ही म्हणाल, दिवाळी अंक आहे म्हणून लेखकाने काहीतरी फटाका उडवला आहे झाले. पण दिवाळीच्या जागी नाताळ घाला आणि गोट्यांच्या जागी हिरवळीवर घरंगळत जाणारे लाकडी गोळे घाला, की हा फटाका राहत नाही, इतिहास होतो. इंग्लंडात आठव्या हेन्री राजाच्या अमदानीत, १५४१ साली, अगदी असा कायदा झाला. आणि तो तीनशे वर्षांहून अधिक काळ त्या देशाच्या कायद्याच्या पुस्तकात ठाण मांडून बसला होता.

ज्या खेळावर एवढी वक्रदृष्टी झाली तो खेळ म्हणजे लॉन बोल्स. आणि त्या खेळाची जी हिरवळ जगातली सर्वांत जुनी म्हणून सांगतात ती मी माझ्या या डोळ्यांनी पाहिली आहे. ती आहे साउथॅम्प्टन या बंदराच्या गावी.

मी तेथे कसा गेलो याची कथा मोठी नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात आमची लेक बाळंत व्हायची होती. सौ. ची तेथे गरज होती. माझी गरज कोणालाच नव्हती, पण तिकीट दोघांचे काढले होते. नातू आल्यावर घरातील सर्व खाती बायकांनी वाटून घेतली आणि माझ्या वाट्याला बाबागाडी आली. सकाळी नातवाला घेऊन बाहेर पडायचे, क्वीन्स पार्क नावाच्या बागेला वळसा घालायचा आणि गोदीच्या बाजूला जुन्या तटाच्या कडेने घरी यायचे, हा माझा परिपाठ. त्या वाटेवर ‘गॉड्स हाउस टॉवर’ नावाचा एक दगडी बुरूज आहे. कधी गावाची वेस, कधी तोफांचा बुरूज, कधी तुरुंग, कधी वस्तुसंग्रहालय आणि आता कलादालन, असे अनेक संसार त्याने पाहिले आहेत. त्याच्याच सावलीत ही हिरवळ आहे. एका बाजूला गोदीचे भोंगे, दुसऱ्या बाजूला मोटारींची वर्दळ, आणि मध्ये मोठ्या वाड्याच्या चौकासारखा हा हिरवा तुकडा. पांढऱ्या पोशाखातील म्हातारे एकामागून एक वाकतात, गोळा सोडतात आणि तो थांबेपर्यंत त्याच्याकडे असे टक लावून पाहतात, की जणू तो नोकरीच्या मुलाखतीला गेलेला मुलगाच!

क्लबाची मंडळी हिरवळीचे वय १२९९ पासून मोजतात. आपल्या हिशेबाने सांगायचे तर ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस समाधी घेतली त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि देवगिरीस रामदेवराव यादव गादीवर होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस गर्व्हेस नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने येथे गोरगरिबांसाठी आणि यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा बांधली होती. तिचेच नाव ‘देवाचे घर’. त्या धर्मशाळेच्या मुख्याचे जे कुरण होते, तेच पुढे खेळाचे अंगण झाले. राजवाड्याचे उद्यान नव्हे, सरदाराची शिकारखान्याची जागा नव्हे, तर धर्मशाळेचे कुरण! मला तरी ही गोष्ट फार आवडली.

अर्थात, जुनेपणाचा मान म्हटला की भाऊबंदकी आलीच. चेस्टरफील्ड गावचे लोक आपली हिरवळ १२९४ ची म्हणून सांगतात. पाच वर्षांचा हा वाद. आपल्याकडे दोन देवस्थानांत पालखी आधी कोणाची यावरून वर्षानुवर्षे चालतो, त्याच जातीचा. त्यात परक्याने पडू नये. साउथॅम्प्टनचे म्हणणे एवढेच की आमच्या जागेवर आजही खेळ चालू आहे.

खेळ म्हणाल तर आपल्या गोट्यांचा थोरला भाऊ. ‘जॅक’ नावाचा एक लहान चेंडू आधी लांब टाकायचा आणि मग प्रत्येकाने आपले गोळे त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन बसवायचे. ज्याचा गोळा जॅकला चिकटेल त्याची सरशी. पण यात एक मेख आहे. गोळा मुळी सरळ जातच नाही! तो एका अंगाने किंचित चपटा घडवलेला असतो. सोडल्यावर वेग आहे तोवर तो सालस मुलासारखा नाकासमोर चालतो आणि वेग ओसरू लागला की त्याचा मूळ स्वभाव जागा होतो व तो एका बाजूला कलत जातो. म्हणून ज्याला जॅक गाठायचा त्याने जॅककडे नेम धरायचाच नाही. बाजूला, मोकळ्या गवतावर कुठेतरी धरायचा आणि बाकीचे गोळ्याच्या स्वभावावर सोपवायचे. पंतोजीगिरी केलेल्या कोणालाही हे तंत्र शिकवावे लागणार नाही.

हा कल कुठून आला याची एक दंतकथा सांगतात. १५२२ साली सफोकच्या ड्यूकचा गोळा खेळताखेळता फुटला म्हणे. त्याने धावत घरात जाऊन जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी गोंडा कापून आणला. कापलेल्या बाजूला तो सपाट होता, त्यामुळे वळत गेला आणि ड्यूकसाहेब खूष झाले. कथा खरी असो वा नसो, जिन्याचे काय झाले हे मात्र कोणी सांगत नाही. पुढे वेस्ट इंडीजकडून लिग्नम व्हायटी नावाचे पाण्यात बुडणारे जड लाकूड आले आणि शतकानुशतके त्याचेच गोळे होत राहिले. आता ते कृत्रिम द्रव्याचे असतात. पण जुनी मंडळी अजूनही गोळ्याला ‘वुड’ म्हणजे लाकूडच म्हणतात.

आता इतक्या निरुपद्रवी खेळावर राजाने डोळे का वटारावेत? कारण होते धनुष्य. इंग्लंडचा सारा दरारा त्या काळी त्याच्या तिरंदाजांवर होता. १४१५ साली पाचव्या हेन्रीचे सैन्य फ्रान्सवर निघाले ते याच साउथॅम्प्टनच्या बंदरातून, आणि आझँकूरची लढाई जिंकली ती या तिरंदाजांच्या जोरावर. हे तिरंदाज म्हणजे गावोगावची साधी माणसे. ती रविवारी बाण सोडण्याऐवजी गोळे घरंगळवू लागली तर पुढची लढाई कोण लढणार, ही राजाची चिंता. येथवर आपण समजू शकतो.

पण १५४१ चा कायदा नीट वाचला की दुसरेच काही दिसते. ज्याला जमिनीचे वर्षाला शंभर पौंड उत्पन्न आहे त्याने आपल्या आवारात आपल्या माणसांना खेळू द्यावे. त्याला परवानगी मिळत होती. कारागीर, शेतकरी, उमेदवार, मजूर, नोकर यांनी मात्र नाताळखेरीज खेळल्यास दर वेळी वीस शिलिंग दंड. त्या दिवसांत मजुराची ती महिन्याहून अधिक मजुरी झाली. आणि आपली बाग सोडून उघड्यावर गोळे खेळणाऱ्याला सहा शिलिंग आठ पेन्स. म्हणजे ज्याच्याजवळ बाग नाही त्याने खेळूच नये! बंदी घातलेल्यांच्या यादीत खलाशी, कोळी आणि नावाडी यांची नावे मुद्दाम घातलेली आहेत. साउथॅम्प्टन हे बंदर. तेथे दुसरे होते कोण? धनुष्याचे दिवस बंदुकीने संपवले. तिरंदाजही गेले, पण कायदा गेला नाही. धनुष्याच्या नावाने आलेली बंदी कुंपणाच्या नावाने राहिली.

मोठ्यांच्या खेळाला मात्र बाधा नव्हती. १५८८ साली स्पेनचे आरमार चालून येत असता सर फ्रान्सिस ड्रेक प्लिमथच्या टेकडीवर गोळे खेळत होता आणि हा डाव संपवून मग स्पॅनिशांकडे पाहू असे तो म्हणाला, ही गोष्ट तेथे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. ड्रेकच्या तोंडचे हे बोल घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी प्रथम छापले गेले. शिवाय भरती आणि वारा प्रतिकूल असताना गलबते बंदराबाहेर काढता येत नाहीत, तेव्हा डाव पुरा करण्यावाचून त्याला दुसरा उद्योग तरी काय होता?

या साऱ्या पार्श्वभूमीवर १७७६ साली साउथॅम्प्टनच्या हिरवळीवर जे सुरू झाले ते मला मोठे खट्याळ वाटते. आपल्याकडे त्या वर्षी मार्चात पुरंदरचा तह झाला होता आणि सवाई माधवराव पाळण्यातून नुकते कोठे उतरले होते. तिकडे अमेरिकेने जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला या क्लबाने आपले स्वतःचे सरदार नेमायला सुरुवात केली! ‘नाइट’ ही पदवी द्यायची राजाने, तलवार खांद्याला लावून. येथे ती द्यायची हिरवळीने. ‘नाइट ऑफ द ग्रीन’, हिरवळीचा सरदार. त्याच्या गळ्यात पदक, आणि हिरवळीवर त्याला सर्वांनी ‘सर’ म्हणायचे.

ही स्पर्धा आजही दर ऑगस्टात होते. त्या वर्षी नातवाला त्याच्या आजीच्या हवाली करून मी ती पाहायला गेलो. जुने सरदार काळे शेपटीचे कोट आणि उंच काळ्या टोप्या घालून उन्हात उभे होते. आपल्या गणेशोत्सवात बँडवाल्यांना जो घाम येतो तोच त्यांनाही येत असणार. पण चेहऱ्यावर ते दिसू देतील तर सरदार कसले? जे अजून सरदार झालेले नाहीत ते ‘जंटलमन कॉमनर’, म्हणजे सभ्य रयत. सरदारांनी एक पेनीचे नाणे गवतावर ठेवायचे, त्यावर जॅक बसवायचा. रयतेपैकी प्रत्येकाने दोन दोन गोळे टाकायचे. ज्याचा गोळा सर्वांत जवळ, त्याला एक गुण. असे सात गुण ज्याचे प्रथम भरतील तो सरदार. ऐकायला सोपे आहे. पण मैदानात स्पर्धक पुष्कळ आणि दर फेरीला गुण एकालाच. आज याला एक, उद्या त्याला एक. मग ही स्पर्धा दोन दोन, तीन तीन दिवस चालली तरी कोणाला नवल वाटत नाही. कसोटी सामना पाच दिवस पाहणाऱ्या आपल्या लोकांनी तरी त्यात नाक मुरडू नये.

दोन गोळे सारख्याच अंतरावर दिसू लागले की खरी मजा. मग कोटाच्या शेपट्या सावरीत सरदार गुडघ्यांवर बसतात, अंतर मोजतात, पुन्हा मोजतात. बाहेर रयत श्वास रोखून उभी. सोनाराच्या दुकानात तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत गिऱ्हाईक जसे उभे असते, तसे.

आणि या नियमांतला सर्वांत चांगला नियम म्हणजे, जो एकदा सरदार झाला त्याला या स्पर्धेत पुन्हा खेळता येत नाही. त्याचे काम यापुढे इतरांची अंतरे मोजायचे. मान मिळाला की गुडघे टेकायचे! आपल्याकडील काही क्रीडासंस्थांच्या तहहयात अध्यक्षांना हा नियम कोणी भाषांतर करून पाठवावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरीच्या कापडावरचे तंतू छाटणारे यंत्र पाहून त्याला ही युक्ती सुचली होती. तोपर्यंत हिरवळ राखायची म्हणजे विळा चालवणारे हात हवेत, नाहीतर मेंढरे हवीत. आता सामान्य गावालाही सपाट हिरवळ परवडू लागली. १८४५ च्या कायद्याने आठव्या हेन्रीची ती बंदी अखेर रद्द झाली. चारच वर्षांत ग्लासगोच्या मिचेल नावाच्या गृहस्थाने खेळाचे नियम लिहून काढले आणि स्कॉटिश मंडळी जिथे जिथे पोट भरायला गेली तिथे तिथे हा खेळ घेऊन गेली. १९०३ साली इंग्लंडात देशभरची संघटना निघाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण, ठाऊक आहे? क्रिकेटचे दाढीवाले पितामह डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस! स्त्रियांना आपली वेगळी संघटना काढायला १९३१ साल उजाडले.

हे सगळे वाचत असताना माझे मन राहून राहून मुंबई-पुण्याकडे जाई. कारण हिरवळ कोणाची, हा तंटा आपणही भोगला आहे. १८८० नंतर मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर असेच झाले होते. गोऱ्या साहेबांना जिमखान्याची स्वतःची राखीव जागा होतीच. पण पोलो खेळायला ते येत ते देशी पोरांच्या मैदानात. आठवड्यातून दोन संध्याकाळी घोडे नाचले की टापांनी जमीन अशी उखडे की बाकीचे दिवस क्रिकेटचा चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. पारशी क्रिकेटवाल्यांनी पुढाकार घेऊन सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. एकदा निकाल बाजूने लागला तो पुन्हा फिरला. मूठभरांचा पोलो आणि शेकडो पोरांचे क्रिकेट, असा तो सामना वर्षानुवर्षे चालला.

आणि पुण्याचे पाळवणकर बाळू? साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायची, जाळी लावायची, आणि तासन्‌तास साहेबांना गोलंदाजी टाकायची. बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले ते गोलंदाजीसाठी. मैदानात ते सर्वांबरोबर चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! तेच बाळू १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. हेन्री राजाला निदान कायदा करावा लागला. आपल्याकडे कायद्याचीही गरज पडली नाही.

साउथॅम्प्टनच्या हिरवळीला आज कोणाची बंदी नाही. तिच्यासारख्या हिरवळींना भीती आहे ती दुसरीच. ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत असे कितीतरी क्लब बंद पडले. जुने सभासद थकतात, नवे येत नाहीत. नगरपालिकेला खर्च जड होतो. शहराच्या मध्यवस्तीतल्या एवढ्या सपाट जागेवर काय बांधता येईल याचा हिशेब कोणीतरी केलेलाच असतो. शिवाय ही हिरवळ म्हणजे नुसते गवत नव्हे. उन्हाळ्यात ते चार-सहा मिलिमीटरच्या वर वाढू द्यायचे नाही, शेवाळ धरू द्यायचे नाही, पाणी साचू द्यायचे नाही, शरद ऋतूत भोके पाडून वर माती पसरायची. बहुतेक ठिकाणी हे सारे सभासदच अंगमेहनतीने करतात. आपल्या गावातल्या तालमीची तांबडी माती ज्यांनी लिंबू, ताक, हळद, तेल घालून मळली असेल त्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. तालमी किती उरल्या हेही त्यांनाच ठाऊक.

आमचे जावईबापू मला म्हणाले, “बाबा, एवढे रोज पाहता, तर एक दिवस खेळून का बघत नाही?” मी म्हटले, “अहो, मी बाबागाडीवाला माणूस. ती तरी कुठे सरळ चालते?” पण खरे सांगायचे तर या खेळाची गोडी मला साउथॅम्प्टनने लावली नाही. ती आदल्या वर्षीच पुण्यात, घरच्या दूरचित्रवाणीपुढे लागली होती.

२०२२ चा ऑगस्ट. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा चालू होत्या आणि लॉन बोल्सचे सामने लेमिंग्टन स्पा या गावच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये होते. आपल्या देशात या खेळाच्या हिरवळी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली दिल्लीची तर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने तयार झालेली. या खेळात तोवर भारताला एकही पदक नव्हते. आणि चार बायका उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडला १६-१३ असे हरवून अंतिम फेरीत जाऊन बसल्या!

त्या चौघी कोण? झारखंडची लव्हली चौबे पोलिसांत शिपाई. आधी लांब उडी मारणारी. दिल्लीची पिंकी एका शाळेत क्रीडाशिक्षिका. आसामची नयनमोनी सैकिया शेतकऱ्याघरची. आधी वजने उचलीत असे, पायाच्या दुखापतीने ती सुटली. संघनायिका रूपाराणी तिर्की जिल्ह्याची क्रीडा अधिकारी, मूळची कबड्डीपटू. यांतल्या एकीच्याही घरी शंभर पौंडांच्या वतनाची बाग असेल असे मला वाटत नाही. हेन्रीच्या कायद्याने चौघींनाही नाताळची वाट पाहावी लागली असती.

२ ऑगस्टला समोर दक्षिण आफ्रिका होती. सुरुवातीला आपल्या पोरींनी ८-२ अशी आघाडी घेतली आणि आमच्या घरी पोह्यांच्या बशा फिरल्या. मग आफ्रिकेने एकेक करून गुण गोळा केले आणि १०-८ अशी बाजू उलटवली. बशा तशाच राहिल्या. सौ. ला खेळातले काही कळत नव्हते, पण रूपाराणी गोळा सोडताना जशी वाकत होती तशी तीही कोचावर वाकत होती, आणि गोळा कलू लागला की “वळ, वळ, अजून थोडा वळ” असे म्हणत होती. गोळे वळले. जॅकभोवती आपले गोळे घरट्यातल्या अंड्यांसारखे जमू लागले. त्यानंतर आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही. शेवटची फेरी संपली तेव्हा फलकावर आकडे होते १७-१०.